एका मरळीचा मास्तर

दामू, चार दिवसांपूर्वी तुझी शोकसभा झाली. तू असतास तर दुसऱ्या भाषणालाच उठून बाहेर विडी ओढत उभा राहिला असतास. तुझा फोटो डेपोच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला होता. त्यात तू भुरट्या चोरीत सापडलेल्या माणसासारखा दिसतोस. हार मात्र शेवंतीचा होता आणि फोटोपेक्षा बराच चांगला होता. पहिल्या वक्त्यानं तुला मनमिळाऊ म्हटलं. बसच्या वायरी जोडताना तू ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचास ते ऐकलेले निदान वीस जण समोर बसले होते आणि सगळे माना डोलावत होते. मेल्यावर माणूस मनमिळाऊ होतो हे मला माहीत होतं, इतक्या लवकर होतो हे माहीत नव्हतं.

तिसऱ्यानं एक विनोद केला. म्हणाला, ‘आमचे दामोदरराव पक्के नेमाचे, फक्त त्यायचा श्रावण पाण्याच्या वर राहे, पाण्याखाली नाई.’ सभा हसली. मीही हसलो. तो विनोद माझाच होता. मी तो श्रावणात टपरीवर केला होता, आणि एखादा चांगला विनोद दुसऱ्यानं वापरला की मूळ मालकाला वाटतं तसं मला थोडं बरंही वाटलं. हे लिहायला बसलो आहे ते या विनोदापायी. तुझ्या नावाला मी लावलेला डाग तुझ्या फोटोसमोर वाचून दाखवला गेला, आणि तो पुसायचा कसा हे मला अजून कळलेलं नाही.

पण आधी तुझ्याविषयी मनात होतं ते सगळं बोलून घेतो. तू गेलास म्हणून तुला सूट नाही. तू कंजूष होतास. तुझ्या डब्यातली मिरचीची भाजी तू मला कधी दिली नाहीस. तू अर्धवट शिकलेला होतास आणि त्याचा तुला अभिमान होता. दहावीला गणितात तू माझं बघून लिहिलंस आणि तेही चुकीचं उतरवलंस. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या तू खिशात घेऊन फिरायचास, जणू खिशातूनच त्या छातीत जाणार होत्या. आणि तू गळ टाकून बसलास की तुझ्या चेहऱ्यावर असा भाव यायचा की मासा तुला विचारूनच जन्माला आला आहे. त्या चेहऱ्याची मला चीड होती.

मी रिटायर झालो तेव्हा पहिले दोन महिने घरात बसलो. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली की कोथिंबीर कशी निवडायची हे तुम्ही मला शिकवू नका, बाहेर जा. बाहेर म्हणजे तुझ्याकडे. शाळेपासूनचा दोस्त म्हणावा असा आर्वीत तूच एक उरला होतास. पण तू घरी कधी नसायचास. वहिनी दारातूनच हात करायच्या, तलावाकडे. तर मी तलावाकडे आलो. मासे धरायची मला हौस नव्हती, दामू. तुझ्याशी बोलायला दुसरी जागाच तू ठेवली नव्हतीस.

पण एखादी गोष्ट करायची तर नीट करायची, हा माझा स्वभाव. मी नागपूरहून फायबरची काठी आणली, रीळ आणलं, चार रंगांचे रबरी बेडूक आणले आणि अकरा खिशांचं एक जाकीट आणलं. तू बांबूच्या काठीला नायलॉनचा दोर बांधून बेशरमीच्या झुडपात उकिडवा बसला होतास. माझ्याकडे वर-खाली पाहिलंस आणि म्हणालास, ‘मास्तर, मासे धराले आला का वऱ्हाडात आला?’ तुझ्या मागे बसलेला गुणवंत टपरीवाला चहाची किटली खाली ठेवून हसला. पुढची दोन वर्षं तो तलावावर चहा घेऊन आला की माझ्या जाकिटाचे खिसे मोजायचा.

पहिल्या पावसाळ्यात मी काय काय धरलं त्याची यादी तू टपरीवर तोंडपाठ म्हणून दाखवायचास. बेशरमीच्या फांद्या, शेवाळ, एक रबरी चप्पल, माझीच टोपी, आणि एकदा तुझा पायजमा, जो तू घातलेला होता. मरळ सोडून सगळं. मी घरी व्हिडिओ बघायचो. त्यात गॉगल लावलेला एक परदेशी माणूस बास नावाचा मासा धरायचा. गवताच्या कडेला रबरी बेडूक टाकायचा, पाण्यावर फुदकवायचा, आणि खालून तो बास तोंड वासून यायचा. आपली मरळ म्हणजे या बासची चुलतबहीण असणार असा मी निष्कर्ष काढला. दोघेही गवतात दडतात, दोघेही बेडकावर येतात. हे मी तुला समजावून सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ‘मंग त्या गोऱ्याले बोलाव ना इकडे. पाहू त्याले आपली मरळ वळखते का.’

मी वहीही ठेवली. वार, वेळ, ढग, वारा, पाण्याची खोली. मरळीच्या रकान्यात रोज शून्य. अडतीस वर्षं मी पोरांच्या पेपरवर लाल शून्य काढत आलो, आता रोज संध्याकाळी स्वतःला देत होतो. जाताना रिकामी पिशवी सायकलला लटकलेली आणि रस्त्यात माझेच जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, मोटारसायकल हळू करून विचारणार, ‘सर, काई भेटलं का?’ ज्याला मी पाढे येत नाहीत म्हणून बाकावर उभं केलं होतं, त्यानं एकदा मला दोन किलोची मरळ दाखवली आणि म्हणाला, घेऊन जा सर, घरी न्यायले होईन. मी घेतली नाही. त्या रात्री जेवलोही नाही. हसू नकोस, साठीच्या माणसाचाही अपमान होतो.

माझं काय चुकत होतं ते तुला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तू सांगितलंस दोन महिन्यांनी. तोवर मजा बघत बसलास, हा तुझा दुष्टपणा. म्हणालास, ‘मरळ आंधी धरते, मंग आत घेते. बेडूक तोंडात गेला का चार श्वास थांबजो, मंग वढजो. तू तिनं तोंड लावलं का वढतो. शाळेत पोरानं तोंड उघडलं का तू डस्टर मारे, तसंच हाय हे.’ मला राग आला, कारण ते खरं होतं. पाणी फुटलं की माझा हात माझ्या ताब्यात राहत नसे. मी मनात चार श्वास मोजायचं ठरवायचो. मरळ धप्पकन यायची, आणि पहिला श्वास पुरा व्हायच्या आत माझा रबरी बेडूक हवेत उडून मागच्या बाभळीत अडकलेला असायचा. तू बाभळीवर चढून तो काढून द्यायचास. छातीच्या माणसानं झाडावर चढायचं नसतं हे तुला कोण सांगणार. काढून दिल्यावर पुन्हा शिव्या द्यायचास.

आणि मग तुझी ती पिल्लांची भानगड. पहिल्याच आषाढात, तलावाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पाण्यावर लालसर काहीतरी हललं. कुंकू सांडावं तसा एक घोळका, मुठीएवढी जागा व्यापलेला, वर येई, श्वास घेई आणि खाली जाई. तू झटकन आपला दोर गुंडाळलास आणि माझ्या काठीवर हात ठेवलास. ती मरळीची पिल्लं होती. खाली त्यांची आई असते, बापही असतो, दोघं राखतात. तिथं काहीही टाकलं, बेडूक, काडी, चपलेचा तुकडा, तरी आई येऊन हाणते. ‘पिल्लावरची मरळ धराची नाई,’ म्हणालास. ‘तिले भूक नसते त्या टायमाले. ती खायाले येत नाई, माराले येते. तिले धरलं का पिल्लं दुसऱ्या माशायनं दोन दिवसात साफ.’

मी वाद घातला. वाद घालणं मला मासे धरण्यापेक्षा चांगलं जमतं. म्हणालो, सोसायटीचे भोई जाळं टाकतात, त्यात आई, बाप, पिल्लं, सगळंच जातं. तुझ्या एका गळानं तलावाच्या हिशेबात काय फरक पडणार आहे? तू विडी पेटवलीस आणि म्हणालास, ‘त्यायचं पोट हाय त्याच्यावर. तुह्यं काय हाय?’ तो वाद तू जिंकलास असं मी कधी मान्य केलं नाही. उलट घरी जाताना स्वतःशी म्हणालो, वायरमन आणि म्हणे धर्मशास्त्र सांगतो.

आता या वर्षीचा आषाढ. श्रावण लागायला चार दिवस होते. तू वर्ध्याला छाती दाखवायला गेला होतास, वहिनींनी जबरदस्तीनं नेलं होतं. मी तलावावर एकटा होतो. पूर्वेच्या कोपऱ्यात गेलो आणि पाण्यावर ते लाल हललं. मी ते पाहिलं, दामू. आधी पाहिलं. दोन वर्षांत तू मला जे काही शिकवलंस त्यातलं एवढं एकच मला नीट आलं होतं, पिल्लं ओळखणं. मी काठी खाली ठेवली. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. काठी उचलली आणि हिरवा बेडूक बरोबर त्या लालीच्या मधोमध टाकला. माझा आयुष्यातला सर्वांत अचूक नेम.

पाणी फुटलं. नेहमीप्रमाणे मी लगेच ओढलं. आणि या वेळी काठी वाकली, वाकलेलीच राहिली. तिनं बेडूक गिळायला तोंडात घेतलाच नव्हता, ती हाकलायला आली होती, म्हणून तर माझी घाई चालून गेली. माझी चूक जिथं खपते अशी जगात एकच मरळ असते, आणि ती मी धरली. पाऊण तास लागला असं मी लोकांना सांगितलं. पाच मिनिटं लागली होती. ती दमलेलीच होती, बारीक झालेली, डोकं मोठं आणि अंग सुकलेलं. पिशवीत घातली तेव्हा मागं वळून पाण्याकडे मी पाहिलं नाही. ते बरोबर लक्षात आहे, कारण पाहायचं नाही असं मी ठरवून केलं.

गावात मी सायकल हळू चालवली. मरळीचं शेपूट पिशवीबाहेर काढून ठेवलं होतं. टपरीवर थांबलो, चहा प्यालो नाही तरी थांबलो. गुणवंतनं पहिल्यांदाच माझे खिसे मोजले नाहीत.

आपल्या तलावावरची रीत अशी की नव्या माणसाच्या पहिल्या मरळीचं मुंडकं त्याच्या उस्तादाचं. संध्याकाळी तू वर्ध्याहून थेट माझ्या घरी आलास, हाताला सुईचा कापूस तसाच. मला वाटलं होतं मिठी मारशील, निदान एक चांगली शिवी देशील. तू परातीपाशी बसलास, मरळीचं तोंड दोन बोटांनी उघडलंस, आत पाहिलंस, मग ओठाच्या बाहेरच्या कडेला गळाचं भोक होतं तिथं अंगठा ठेवलास. बराच वेळ ठेवलास.

‘पिल्लं होते का तिथं?’

‘नाई,’ मी म्हणालो.

‘नाई ना?’

‘नाई म्हटलं ना बे.’

तू मुंडकं पिशवीत घेतलंस आणि गेलास. जाताना माझ्या बायकोला म्हणालास, ‘मास्तरनं मारली बरं का वहिनी.’ ती खूश झाली. मी दाराशी उभा राहून विचार करत होतो की या माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस की पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊ नको, तिकडे गाळ वाढला आहे. मला हसू आलं. दोन वर्षं त्या कोपऱ्यात गाळ नव्हता, मला मासा मिळाला तशी एका रात्रीत गाळ वाढला. मग श्रावण लागला. श्रावणात तूही गळ टाकत नाहीस, मीही नाही, आर्वीतले बरेच जण टाकत नाहीत. आणि आठच दिवसांत मला तू दिसलास. मी बांधावरून फिरायला चाललो होतो, आणि तू पूर्वेच्या कोपऱ्यात, छत्री डोक्याला बांधून, बांबूची काठी हातात घेऊन बसलेला. भर श्रावणात. मी थांबलो आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. दोन वर्षं मला शहाणपण शिकवणारा माणूस श्रावणात चोरून मासे मारतो.

जवळ जाऊन बघावं असं मला वाटलं नाही. शंभर पावलांवर होतास. अडतीस वर्षं पोरांना सांगितलं की ताळा करून बघा, आणि स्वतः ताळा केला नाही. सरळ टपरीवर गेलो आणि तो श्रावणाचा विनोद केला. लोकांना आवडला. दुसऱ्या दिवशी तो डेपोत पोचला, तिसऱ्या दिवशी बाजारात. तुला लोक ‘श्रावणी दामू’ म्हणायला लागले. तू टपरीवर आलास तेव्हा गुणवंतनं विचारलं, ‘काय श्रावणी, आज भेटली का?’ तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, टोस्ट चहात बुडवलास आणि खाल्लास. मला वाटलं, बघा, बोलायला तोंड नाही. तू महिनाभर रोज जाऊन बसलास आणि त्यातले तीन आठवडे लोकांनी तुला चिडवलं. मी ते रोज ऐकलं. कधी कधी सुरुवातही करून दिली.

पोळ्याच्या दिवशी आपण भेटलो ते शेवटचं. तू बैलांच्या गर्दीत उभा होतास, घाम आलेला. मी म्हणालो, ‘दामू, खरं सांग, माह्या एका मरळीनं तुह्या पोटात दुखलं ना?’ तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. ‘मास्तर,’ म्हणालास, ‘तुले अजून वढायची घाई हाय.’ एवढंच बोललास. मी हात झटकला. आठ दिवसांनी तू गेलास. गोळ्या तुझ्या शर्टाच्या खिशात मिळाल्या.

शोकसभेत सगळे हसले तेव्हा बायकांच्या रांगेत सुमन वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. मी पाहिलं, पण मला वाटलं त्यांना उकडत असेल. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

‘मास्तर भाऊजी, सभेत तुमी बी हसले. मी पाह्यलं.’

मी म्हणालो, वहिनी, माणूस गेल्यावर चार हलके शब्द होतात, मनावर घेऊ नका.

‘त्यायनं मले शपथ घातली होती,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्यायच्या फोटोले हार घालून कोणी असं बोललं तं मी कायले पाळू शपथ? तुमच्या मरळीचं मुंडकं त्यायनं खाल्लं नाई. त्या दिवशी घरी आले अन् पिशवी घेऊन बसूनच राह्यले. म्हणे, मास्तरनं पिल्लावरची मारली. मी म्हटलं, मंग बोला ना त्यायले. म्हणे, दोन सालानं एक मासा भेटला त्याले, राहू दे. ते मुंडकं त्यायनं मांगच्या लिंबाखाली पुरलं.’

मी म्हणालो, मग श्रावणात...

‘नर राह्यला होता ना पिल्लायपाशी. त्यालेबी कोणी गळ टाकून नेईन म्हून रोज जाऊन बसत होते. पिल्लं मोठी होतपर्यंत. काठीले दोर नोयता भाऊजी. निस्ती काठी होती. तुमी जवळ जाऊन पाह्यलं अस्तं तं दिसलं अस्तं.’

त्या आत गेल्या, मला वाटलं संपलं. पुन्हा बाहेर आल्या. ‘लोक नावं ठेवून राह्यले म्हून मी भांडले त्यायच्याशी. म्हटलं, सांगून टाका ना खरं. तं म्हणे, मी खरं सांगतलं तं मास्तर तलावावर याचा बंद होईन. मंग मी कोणापाशी बसू?’

दामू, मूर्खा. एका माशाच्या पिल्लांसाठी छातीचा पेशंट महिनाभर पावसात बसतो काय. बगळ्याला काठी दाखवशील, गळवाल्याला हटकशील, पाण्याखालचा शिंगाडा मासा तुझ्या काठीला भितो काय. त्यातली किती वाचली असतील? दहा, वीस? आणि त्या दहा-वीस मरळींसाठी तू सगळ्या आर्वीचा हसण्याचा विषय झालास, स्वतःच्या बायकोशी भांडलास आणि मेलास. हा तुझा हिशेब. मला तो अजूनही चुकीचा वाटतो. पण या चुकीच्या हिशेबात तू मला वाचवलंस, पिल्लांना वाचवलंस तसंच, आणि मी तुला विकलं. तेही फुकट, एका विनोदासाठी. तुझ्याबद्दल मला जेवढी तुच्छता वाटायची ती सगळी आता माझ्या अंगणात येऊन बसली आहे आणि तिला दुसरं घर नाही.

तुझी आठवण येते हे लिहायची मला लाज वाटत नाही. सकाळी सहाला मी अजून तयार होऊन बसतो. बायको चहा देते. तू नाहीस हे पायांना कळायला वेळ लागतो आहे. साठीनंतर ज्यानं मला काही शिकवलं असा तू एकटाच, आणि शिव्या देत शिकवलंस म्हणून मी ते शिक्षण धरलंच नाही. तुझे आभार मानायला हवेत. जिवंतपणी मानले असते तर तू म्हणाला असतास, मास्तर, ताप आला का? म्हणून राहून गेले, असं समज.

काल मी टपरीवर गेलो. मुद्दाम सकाळी गेलो, डेपोची माणसं असतात तेव्हा. सभेत विनोद करणाराही होता. मी बाकावर न बसता उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तसं स्पष्ट बोललो. सांगितलं की दामूनं श्रावणात मासे मारले नाहीत. माझी मरळ पिल्लांवरची होती, मी पिल्लं पाहून गळ टाकला, त्याला विचारल्यावर खोटं बोललो. तो त्या पिल्लांची राखण करत बसला होता, त्याच्या काठीला दोर नव्हता. तो श्रावणाचा विनोद माझा आहे आणि तो खोटा आहे.

मग गुणवंतनं किटली खाली ठेवली आणि पदराला हात पुसावेत तसे खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले. ‘राहू द्या ना मास्तर,’ म्हणाला. ‘गेलेल्या माणसाचं झाकाले तुमी कायले सोतावर घेता? आमी का दामूले वाईट म्हणतो का? मासेच मारले ना, खून तं नाई केला.’

मी म्हणालो, अरे, मी खरं सांगतो आहे. वहिनींना विचारा.

‘वहिनी तं म्हणनच,’ सभेतला वक्ता म्हणाला. ‘नवरा होता तिचा.’

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. गळाचं भोक ओठाच्या बाहेर होतं ते सांगितलं, मरळ सुकलेली होती ते सांगितलं, लिंबाचं झाड सांगितलं. ते माझ्याकडे मायेनं बघत होते. एकानं मला हात धरून बाकावर बसवलं. तुझ्याविषयी मी खोटं बोललो ते यांनी पहिल्या घोटात खरं मानलं होतं, ताळा न करता, जसा मी केला नव्हता. गुणवंतनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाला, ‘पाहा लेकहो. दोस्त असावा तं असा.’